पेरूची झोप

कानिफनाथ पहिल्यांदा माझ्या दुकानात आला तेव्हा बाहेर ऊन मी म्हणत होतं. श्रीरामपुरात माझं फ्रीज, एसी आणि कोल्ड रूम बसवण्याचं, दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान लहान असलं तरी त्याला काचेचं दार आहे आणि आत एसी चालू असतो, कारण एसीवाल्याच्याच दुकानात उकडत असेल तर गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच परत जातं. हा माणूस आत आला, टोपीने घाम पुसला आणि दार सताड उघडं टाकून खुर्चीत बसला. मी उठलो, दार लावलं, परत येऊन बसलो. तेवढ्यात त्याला टेम्पोत राहिलेली पिशवी आठवली. तो गेला, आला, दार पुन्हा उघडंच. मी पुन्हा उठलो. मनात म्हटलं, विजेचं बिल काय ह्याच्या सासऱ्याने भरलंय का. तोंडाने एवढंच म्हटलं, “बोला, काय काम काढलं?”

त्याने पिशवीतून दोन पेरू काढून टेबलावर ठेवले. एक हिरवट, कडक. दुसरा पिवळाधमक, इतका पिकलेला की नुसतं उचलल्याने त्याच्या सालीवर बोटं उमटली.

“ह्यो आज तोडला,” हिरव्यावर बोट ठेवून तो म्हणाला. “अन् ह्यो सोमवारी. तवा ह्योबी असाच हिरवा हुता. मला त्यो हिरवाच ठिवायचाय. शनिवारपस्तोर.”

“फक्त शनिवारपर्यंत?”

“आमच्याकडं शनिवारच आसतो, फैयाजभाई. बाकीचे वार नुसते कॅलेंडरात.”

माझं नाव त्याने बाहेरच्या पाटीवर वाचलं असावं. त्याचं गाव शनिशिंगणापूर. गावाकडे येणाऱ्या रस्त्याला लागून त्याची पेरूची बाग आहे, बापाने लावलेली. शनिवारी भाविकांच्या गाड्यांची रांग लागते. शनी अमावास्या असली तर पाय ठेवायला जागा नसते, आणि रस्त्याच्या कडेला टोपली मांडून बसलेल्या बायांचे पेरू दुपारच्या आत संपतात. पण पेरूला वार कळत नाही. तो सोमवारी पिकतो, मंगळवारी पिकतो, आणि शनिवारची गर्दी येईपर्यंत सडून जातो. उरलेले म्हशीला. “आमच्या म्हशीनं जेवढे पेरू खाल्ले तेवढे आख्ख्या गावानं मिळून खाल्ले नसतील,” तो म्हणाला आणि हसला नाही.

मला तेव्हाच तो आवडला होता, हे कबूल करतो. पुढे वर्षभर त्याने माझ्या डोक्याला जो ताप दिला तो दिला, पण त्या दिवशी आवडला होता. त्याला पिकलेल्या पेरूचा वास सहन होत नसे. तुमच्या-आमच्या तोंडाला त्या वासाने पाणी सुटतं. हा उठून बाहेर जाई. लहानपणी तो वास घरात शिरला की त्या दिवशी बाप कुणाशी बोलायचा नाही. त्यामुळे पेरू टिकवायचा हे त्याच्या डोक्यात फार आधीपासून बसलेलं.

त्याने काय काय करून पाहिलं होतं ते ऐकताना माझा चहा गार झाला. आधी विटांचा हौद बांधला, दुहेरी भिंतीत वाळू भरली आणि त्या वाळूवर पाणी मारत राहिला. आत गारवा यायचा, पेरू दोन दिवस जास्त राहायचे. पण उन्हाळ्यात त्या वाळूला जेवढं पाणी लागलं तेवढ्यात आणखी झाडं जगली असती. मग उन्हावर चालणारं वाळवणयंत्र आणलं आणि पेरूच्या चकत्या केल्या. चकत्या वर्षभर टिकल्या, कारण त्या कुणी खाल्ल्याच नाहीत. मग कुठल्याशा प्रशिक्षणात कोरफडीच्या गराबद्दल कळलं. फळावर गराचा पातळ थर दिला की साल श्वास कमी घेते, फळ सुकत नाही, पिकतंही सावकाश. हे मात्र जमलं. पेरू आठवडाभर टिकले, वर चकाकायलाही लागले.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. आमच्या देवाला तेल वाहत्यात. लोकांनी चकाकनारे पेरू बघितले, त्यांना वाटलं तेल लावलंय, देवावरनं उतरून आन्लेले हायेत. एका बाईनं पेरूला हात जोडले अन् पुढं गेली. घेतला मातर कुनीच न्हाई.”

मी हसलो. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला हसणं आवरावं लागलं.

आता त्याला पाहिजे होती ती नवी पद्धत. तोडलं तरी फळ जिवंत असतं, श्वास घेत राहतं, आणि जेवढा श्वास जास्त तेवढं लवकर पिकतं. नुसती थंडी दिली तर एका मर्यादेनंतर पेरूची साल काळी पडते. म्हणून थंडी बेताची ठेवायची आणि खोलीतला प्राणवायू कमी करायचा. नायट्रोजनचं एक यंत्र बाहेर बसवलं की ते हे काम करतं. फळ मंदावतं, पिकायचं विसरतं. कानिफनाथ त्याला पेरूला झोपवणं म्हणायचा. यंत्र पुण्याहून येणार होतं, खोली मी बांधायची होती. खोली हवाबंद पाहिजे, बस्स. एवढंच तर काम. मी हो म्हणून बसलो.

तो गेला आणि मी दार लावलं.

*

माप घ्यायला गेलो तेव्हा कळलं, मी कशाला हो म्हटलं होतं ते. शिंगणापुरात घरांना दारं नसतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. ह्या जिल्ह्यात कुणाला माहीत नाही? चौकट असते, चौकटीत पडदा असतो, फार तर कुत्रं शिरू नये म्हणून फळी टेकवलेली असते. देव राखतो, दार कशाला, असा हिशेब. पण मी आलो होतो पेरूची खोली बांधायला, आणि ह्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींजवळ आल्याच नव्हत्या. कानिफनाथच्याही आल्या नव्हत्या, हे त्याहून मोठं आश्चर्य. तो भिंतीची जाडी विचारत होता, वीज किती लागेल विचारत होता, दाराचं नावही त्याने काढलं नव्हतं.

नाव काढलं त्याच्या आईने. बनुबाई अंगणात बाजेवर बसून लसूण सोलत होती. मी जमिनीवर खडूने रेघा मारत होतो. ती म्हणाली, “आन् ही मोकळी जागा कशाची सोडली?”

“दाराची, मावशी.”

लसूण सोलायचा थांबला. “दार न्हाई बसवायचं.”

मी समजावून सांगितलं. दाराशिवाय कोल्ड रूम म्हणजे बुडाशिवाय बादली. ती म्हणाली, मग बादलीच आणा. मी म्हटलं, फ्रीजला दार असतंच ना? ती म्हणाली, फ्रीज म्हंजे कपाट, कपाटात मानूस जातो का? इथे माझी जीभ घसरली. मी म्हटलं, “मावशी, ह्या खोलीतही माणसाने जायचं नाही. आत प्राणवायूच नसतो. सांगितल्याशिवाय गेला तर जिवाला धोका.”

ती कानिफनाथकडे वळली. “मानूस मरंल आसली खोली माझ्या आंगनात बांधतो व्हय रं?”

झालं. त्या दिवशी खडूच्या रेघा तशाच ठेवून मी परत आलो. येताना कानिफनाथने मला टेम्पोने नेवासे फाट्यापर्यंत सोडलं. वाटेत चहाला थांबलो तर ह्याने टेम्पोचं दार रस्त्याच्या बाजूला तसंच उघडं टाकलं आणि मागून येणारा मोटरसायकलवाला त्याला शिव्या देत गेला. मीच जाऊन ते लावलं. कानिफनाथ चहा फुंकत म्हणाला, “आईचं काय करावं काय कळंना.”

पुढचे काही महिने आम्ही दार नसलेल्या खोलीचा शोध लावत होतो. आज आठवलं तरी चीड येते. मोठ्या गोदामांत असतात तसे प्लास्टिकच्या पट्ट्यांचे पडदे लावून पाहिले. थंडी थोडी अडली, हवा काही अडेना, आणि पुण्याहून आलेलं यंत्र आख्ख्या शिवाराचा प्राणवायू कमी करायला निघाल्यासारखं घरघरत राहिलं. मग खोलीऐवजी पिशव्या. एकेका कॅरेटला एकेक खास पिशवी, हवा बेताने आत-बाहेर जाऊ देणारी. ही पद्धत चांगली आहे, इतरांना तिने फायदा झालाय. पण पेरू आधी गार करून मगच पिशवीत बांधायचे असतात, नाहीतर आत घाम सुटतो. गार करायला खोली पाहिजे. खोलीला दार पाहिजे. पेरूंना बुरशी आली. कानिफनाथने मला फोन करून एकच वाक्य सांगितलं, “वास सुटला, फैयाजभाई,” आणि फोन ठेवला.

मी हात टेकले. माझी दुसरी कामं पडली होती. मी ठरवलं, ह्या गावाकडे आता पुन्हा फिरकायचं नाही.

*

फिरकलो ते कडूबाईमुळे. कडूबाई म्हणजे कानिफनाथच्या शेजारच्या वावरातली, एकटी बाई. नवऱ्यामागे तिने पेरूची थोडी झाडं राखली होती आणि रस्त्यावर टोपली घेऊन बसायची. वस्तीवरच्या आणखी चार-पाच घरांकडेही अशीच थोडी थोडी झाडं होती. आजूबाजूला सगळा ऊस. उसाचं बरं असतं, तोड आली की कारखान्याची गाडी येऊन घेऊन जाते, त्याला शनिवार लागत नाही. एकेकाने पेरू काढून ऊस लावायला घेतला होता. कडूबाई बनुबाईकडे येऊन म्हणाली होती, “ह्या बहराला आमुशाला शनिवार येतोय. कानिफनं पेरू टिकवून दावले तर झाडं ठिवते. न्हाई तर कुऱ्हाड लावते. मला आता रस्त्यावर बसवत न्हाई.”

आणि कानिफनाथ त्याच्या आईला म्हणाला होता, “काकूची झाडं गेली तर माझी ठिवून मी एकटा काय करू? मीबी काढतो.”

ती बाग बनुबाईने नवऱ्याबरोबर लावलेली, डोक्यावर पाण्याच्या घागरी आणून. दोन दिवस ती बागेतच झाडाझाडाखाली जाऊन बसली. मग तिने मला बोलावून घेतलं, मुलाला नाही, मला.

“दार बसव,” ती म्हणाली. “पन माझं ऐकायचं. कुलूप न्हाई. कडी न्हाई. अन् आपसूक लागनारं दार न्हाई.”

“कुलूप-कडी नको, मान्य. पण मावशी, आपोआप लागणारं का नको? स्प्रिंग असली की चिंताच नाही, विसरलं तरी लागतं.”

“मानूस आत गेला अन् दार आपसूक लागलं म्हंजे घरानंच त्याला हाकललं, न्हाई तर धरून ठिवलं. मानसानं हातानं लावलं तर लावलं. दारानं न्हाई लागायचं.”

राग यायला पाहिजे होता, पण मला त्यात अर्थ दिसला. आत प्राणवायू कमी, आणि दार मागून आपोआप लागलेलं. तसं काही व्हायला नकोच होतं. मी स्प्रिंग नाही लावली. जाड दार, कडेने रबर, बाहेरून-आतून ढकलता येईल अशी मूठ. दाबून लावलं की रबर टप आवाज करून चिकटायचं. शिवाय दारात एक छोटी काच बसवली, न उघडता आत बघायला. आणि दार उघडं राहिलं तर वाजेल असा भोंगा.

कानिफनाथला मी सगळं पुन्हा पुन्हा घोकवलं. पेरू भरले की अमावास्येपर्यंत दार उघडायचं नाही. काचेतून बघायचं. उघडावंच लागलं तर आधी यंत्र बंद, मग दार उघडून बराच वेळ बाहेर थांबायचं, आत हवा खेळू द्यायची, मग आत. काम झालं की दार दाबून लावायचं आणि यंत्र चालू. “एकदा जागा झालेला पेरू परत झोपत नाही, कानिफभाऊ.” तो मान डोलवायचा. त्याला ही विद्या माझ्याहून जास्त येत होती. कुठल्या हवेत पेरू किती दिवस राहतो ते तो झोपेत सांगू शकला असता.

सगळ्या वस्तीचा तोडा खोलीत गेला. कडूबाईने आपली कॅरेटं स्वतः आत लावून घेतली आणि शेवटच्या कॅरेटवरून हात फिरवला. मी दार लावलं. टप. गावात त्या वस्तीवर लागलेलं ते पहिलं दार असेल. बनुबाई तिकडे पाठ करून बसली होती.

पहिले आठ-दहा दिवस सोन्यासारखे गेले. मी मध्ये एकदा जाऊन आलो, तर काचेसमोर लोकांची रांग. आतले पेरू जसेच्या तसे, हिरवे, कडक. कानिफनाथ मला म्हणाला, “रोज सकाळी उठून बगतो. लेकरू झोपलेलं बघावं तसं वाटतं.” आयुष्यात पहिल्यांदा त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. फक्त एक गोष्ट मला खटकली. भोंग्यावर गोणपाटाचं फडकं गुंडाळलेलं होतं.

“हे काय?”

“सारखाच वाजतो, फैयाजभाई. म्हैस बुजते. दूध देईना.”

“सारखा का वाजतो? दार उघडता का तुम्ही?”

“सकाळी येकदाच. तुमी सांगितलं तसं, यंत्र बंद करून, थांबून. येक पेरू हुंगून बघतो. काचेतनं वास येत न्हाई ना. भोंगा बिघडलाय बहुतेक.”

मला खरं तर तिथेच सगळं कळायला पाहिजे होतं. पण मला घाई होती. भोंगा नवा होता, बिघडायचं कारण नव्हतं, एवढं बोलून मी फडकं काढलं आणि त्याला बजावलं की हुंगणं बंद. तो हो म्हणाला.

*

अमावास्येच्या आधीच्या मंगळवारी दुपारी फोन आला. “या,” एवढंच. मी हातातलं काम टाकून निघालो.

वस्तीच्या वळणावरच मला तो वास आला. तुम्ही कधी पिकलेल्या पेरूच्या बागेजवळून गेला असाल तर तुम्हाला तो छान वाटला असता. मी धावतच खोलीकडे निघालो. खोलीपाशी पाच-सहा माणसं उभी होती. बनुबाई बाजेवर होती. भोंग्याला फडकं पुन्हा बांधलेलं होतं. कानिफनाथ दारात उभा होता, हातात पेरू, पिवळा.

आदल्या दिवशी तो कॅरेटं आणायला नेवाशाला गेला होता आणि सांजेला परत आला तेव्हा दार उघडं दिसलं, ते त्याने लावलं. सकाळी काचेतून बघितलं तर आतला रंग बदललेला. यंत्र चालू होतं, घरघरत होतं, थंडीही होती. पण पेरू जागे झाले होते, जवळजवळ सगळे, एकदम. एक पिकायला लागला की त्याच्या वासाने दुसरा पिकतो, बंद खोलीत तर विचारूच नका. शनिवारपर्यंत त्यातला एकही विकण्याजोगा राहणार नव्हता.

“काल दिवसभर दार उघडं हुतं,” कानिफनाथ म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. त्याला मी कधी आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. “त्याबिगर आसं होतच न्हाई. मी सकाळी गेलो, सांजच्याला आलो. मधल्या मधी कुनीतरी उघडलं अन् तसंच टाकलं. मला फकस्त सांगा, कोन हुतं?”

एकजण म्हणाला, “कानिफ, आमी तुझ्या खोलीला हात लावला न्हाई.” आणि ते खरं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. ज्या गावात कुणी कुणाच्या वस्तूला हात लावत नाही, तिथे हा प्रश्न विचारणंच वाईट दिसत होतं. लोक खाली बघायला लागले. मी विचारलं, दिवसभर दार उघडं होतं तर ते कुणाला दिसलं कसं नाही? सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी येड्यासारखं विचारलंय. मग माझ्या लक्षात आलं. उघडं दार. इथे जन्म गेलेल्या माणसाच्या डोळ्यात उघडं दार कसं येणार?

कडूबाई पुढे आली. तिने कानिफनाथच्या हातातला पेरू घेतला, अंगठ्याने दाबला. अंगठा आत गेला.

“उसाला दार लागत न्हाई,” ती म्हणाली. रागाने नाही, अगदी साधं. आणि पेरू तिथल्याच कट्ट्यावर ठेवून दिला.

ते वाक्य कानिफनाथला लागलं. तो पाय आपटत खोलीत गेला. दार सकाळपासून उघडंच होतं, आता आत हवेची भीती नव्हती. एक कॅरेट उचललं, बाहेर आणून सगळ्यांच्या पुढ्यात ठेवलं, परत गेला, दुसरं आणलं. “बगा,” म्हणाला, “येकेक पेरू मी लेकरागत राखला.” त्याच्या डोळ्यात पाणी होतं. मला त्याच्याबद्दल वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी कमालीचा संताप येत होता, कुणावर ते मला कळत नव्हतं. मी म्हटलं, “कानिफभाऊ, वरच्या फळीवरचे अजून बरे असतील. दार लावा, यंत्र लावा, जेवढे वाचतील तेवढे वाचवू.”

“व्हय,” तो म्हणाला. आत गेला, वरच्या फळीवर बघितलं. वरचे खरंच हिरवे होते. बाहेर आला, दाराची मूठ धरली आणि ते लावलं, दाबून, नीट, टप आवाज होईपर्यंत. यंत्र चालू केलं. मी सुटकेचा श्वास टाकला.

मग त्याला काहीतरी आठवलं. “थांबा,” म्हणाला, यंत्र बंद केलं, दार उघडलं, बराच वेळ बाहेर थांबला आणि मग आत जाऊन वरच्या फळीवरचा एक हिरवा पेरू घेऊन बाहेर आला. तो कडूबाईच्या हातात दिला. “काकू, ह्यो बग. झोपलेला हाय अजून. माझं चुकलेलं न्हाई. पद्धत चुकलेली न्हाई. फकस्त कुनीतरी दार उघडं टाकलं. कोन मानूस आसं करंल? म्हायती आसून दार उघडं टाकून कोन जाईल?”

त्याच्यामागे दार सताड उघडं होतं.

माझ्या दुकानाचं काचेचं दार माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि टेम्पो, आणि शिव्या देत गेलेला मोटरसायकलवाला. हा माणूस दाराची सगळी विद्या जाणत होता. सांगितलं की लावतही होता. पण स्वतःच्या विचारात असला की त्याचा हात मागे जातच नव्हता. सकाळी पेरू हुंगायचा, बरं वाटायचं, आणि तो निघून जायचा. इतर दिवशी तो परत बघायला आला की दार लागायचं; सोमवारी तो नेवाशात होता. भोंगा बिघडला नव्हता. लोकांपुढे कसं सांगणार? आणि न सांगून कसं चालणार?

बनुबाई बाजेवरून उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, सावकाश चालत खोलीपाशी गेली. तिने दाराला दोन्ही हात लावले आणि ढकललं. ते रबराला टेकून परत आलं. तिला कुणी दार लावायला शिकवलेलंच नव्हतं, आयुष्यात तिने दार लावलं नव्हतं. तिने पुन्हा लावलं, ह्या वेळी खांदा टेकवून. टप.

त्या आवाजाने कानिफनाथ वळला. त्याने लागलेलं दार पाहिलं, आईचा टेकलेला खांदा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. कडूबाई हातातल्या हिरव्या पेरूकडे बघत होती.

“म्या?” त्याने विचारलं.

“तूच,” बनुबाई म्हणाली. “पन तुझा येकट्याचा न्हाई दोष. आपल्यात भाईर पडल्यावर मागं वळायचं कारनच नव्हतं कधी.”

तो मटकन कट्ट्यावर बसला, त्या अंगठा गेलेल्या पेरूशेजारी, आणि एकेक करत माणसं निघून गेली.

शनिवारी वरच्या फळीवरचे पेरू कडूबाईच्या टोपलीत गेले, थोडेसेच. तिने पुढच्या महिन्यात झाडं काढली आणि ऊस लावला. तिला कुणी अडवलं नाही, अडवायला तोंड नव्हतं. बाकीच्या घरांनीही तेच केलं. कानिफनाथने आपली झाडं ठेवली आहेत. एवढ्याशा झाडांच्या पेरूला एवढी मोठी खोली म्हणजे चेष्टा आहे, हे मी त्याला सांगितलं, त्यालाही ते कळतं, आणि तो ऐकत नाही.

परवा यंत्र तपासायला गेलो होतो. बनुबाईने आपली बाज अंगणातून उचलून खोलीसमोर टाकून घेतली आहे. कानिफनाथने यंत्र बंद केलं, दार उघडलं, थांबला, आत गेला, पेरू हुंगत बाहेर आला आणि माझ्याशी हवेचं प्रमाण बोलत बोलत निघाला. चार पावलं गेला असेल.

“कानिफ,” बनुबाई म्हणाली. फक्त नाव.

तो माघारी फिरला, दार दाबून लावलं, टप आवाज ऐकला आणि पुन्हा माझ्याजवळ येऊन बोलायला लागला. ती लसूण सोलत राहिली. मला म्हणाली, “रोज म्हनावं लागतं. मी हाय तवर म्हनंन.”